गुडघ्यांचं कारण पटलं नाही

प्रिय मिनिटबाई,

‘प्रिय’ हा शब्द हाताच्या सवयीने पडलाय, त्यावरून हुरळून जाऊ नकोस. गेल्या सोमवारपासून तू मला अजिबात प्रिय नाहीस. सोमवारी दुपारी तुझ्या सुनेच्या फोनवरून तुझा निरोप आला. तो मी आधी चष्मा लावून वाचला, मग चष्मा पुसून वाचला आणि मग आमच्या ह्यांना मोठ्याने वाचून दाखवला. ‘गुडघे फार धरलेत. प्रवास झेपणार नाही. माझा पास रद्द कर. तुझं तू ठरव.’ संपलं! सव्वीस वर्षं एका टेबलाला बसलेल्या बाईला कळवायची ही रीत झाली? रजेच्या अर्जातसुद्धा आपण ह्याहून चार शब्द जास्त लिहायचो. खाली ‘आपली विश्वासू’ तरी असायचं. आणि ‘तुझं तू ठरव’ म्हणजे काय गं? नऊ महिने आपण दोघींनी मिळून जे ठरवलं ते काय होतं मग? हे बघ, मला खूप बोलायचंय आणि तू मध्ये तोंड घालायचं नाहीस. कॉलम संपेपर्यंत बोलायचं नाही हा नियम तुझाच आहे, माझा नव्हे.

आधी गुडघ्यांचा निकाल लावू. कुणाचे गुडघे? तुझे? पासपोर्टच्या कचेरीत लिफ्ट बंद होती त्या दिवशी चार मजले चढून आधी कोण पोचलं? मी दुसऱ्या मजल्यावर कठड्याला धरून धापा टाकत होते आणि तू वरून वाकून विचारलंस, ‘येतेस, की दोरी सोडू?’ तिथला पहारेकरीसुद्धा हसला. उतरताना मात्र तू मला पुढे घातलंस आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून एकेक पायरी उतरलीस. मला वाटलं, बाईसाहेब आज लाडात आल्यात. त्या हाताबद्दल मी नंतर बोलणार आहे. आत्ता मुद्दा एवढाच की जे गुडघे चार मजले चढतात ते गाडीच्या दोन पायऱ्या चढायला नाही म्हणणार नाहीत. थाप मारायची तर निदान ती टिकते का एवढं तरी तपासून बघायचंस. तपासण्याचाच तर पगार घेतलास जन्मभर.

ही कल्पना कुणाची होती, तेही एकदा कागदावर येऊ दे. वेळापत्रक शाखेतली आपली ती मागच्या अंगाची खोली, एकच खिडकी, आणि तीही छापखान्याच्या भिंतीकडे उघडणारी. टेबलाच्या एका बाजूला तू, हातात मूळ कागद. दुसऱ्या बाजूला मी, समोर शाईच्या वासाचं प्रूफ आणि हातात लाल पेन्सिल. तू वाचायचीस, मी खुणा करायचे. ‘आठ चौतीस, आठ एकेचाळीस, रेघ, रेघ, नऊ दोन.’ जिथे गाडी थांबत नाही तिथे रेघ. ऐकणारीने गप्प बसायचं, चूक दिसली तरच ‘थांब’ म्हणायचं, आणि ‘थांब’ म्हटलं की वाचणारीने तोंड वाकडं करायचं नाही. पान संपलं की खाली दोघींच्या सह्या. एकटीने तपासलेलं पान छापायला जायचं नाही, मग वरून कुणाचाही फोन येवो. एका मिनिटाची चूकही तू सोडायची नाहीस म्हणून कचेरीने तुला मिनिटबाई केलं, आणि मी गळ्यात दोरीला खोडरबर बांधून फिरायचे म्हणून मला खोडरबर. हजारो गाड्या आपण अशा रवाना केल्या आणि स्वतः कुठे गेलो? मी सुट्टीत माहेरी, तू सुट्टीत नणंदेकडे. म्हणून तर निवृत्तीच्या दिवशी साहेबांचं भाषण चालू असताना तू माझ्या कानाशी लागून म्हणालीस, की आता परक्या देशात जायचं, ज्यांच्या वेळा आपण तपासलेल्या नाहीत अशा गाड्यांत बसायचं, आणि गाडी उशिरा आली तर खुशाल दुसऱ्यांच्या नावाने बोटं मोडायची. मी हसून हसून डोळे पुसले. साहेबांना वाटलं, भाषण काळजाला भिडलं.

मग नऊ महिने दर बुधवारी अकरा वाजता तुझं जेवणाचं टेबल. एवढा अभ्यास मी शाळेत असताना केला असता तर आज साहेब झाले असते. तिकडच्या रेल्वेचा सलग सात दिवसांचा पास घ्यायचा, की महिनाभरातले हवे ते सात दिवस निवडता येतात तो घ्यायचा, ह्यावर आपण तीन बुधवार भांडलो. सलग घेतला तर अंग मोडलेलं असो, पाऊस असो, रोज गाडीत बसायलाच हवं, नाहीतर दिवस वाया. शेवटी माझं ऐकलंस. सात दिवस गाडीचे, मधले दिवस पाय पसरून बसायचे. पास असला तरी वेगाच्या गाड्यांना जागा वेगळी राखून ठेवावी लागते, हळू गाड्यांना नाही, हे कळल्यावर तू म्हणालीस, मग हळू गाड्यांनीच जाऊ, खिडकीतून काही दिसेल तरी. रात्रीच्या गाडीला तू साफ नकार दिलास. आधी डोंगर आणि तळी, शहरं शेवटी, उरला वेळ तर, हाही तुझाच हट्ट. तळं कुठल्या बाजूला येतं ते नकाशावर बघून बसायची बाजूसुद्धा ठरवून टाकलीस. मी सहज म्हटलं, पुढच्या वर्षी जाऊ, जरा उसंत घेऊन, तर तू माझ्यावर जवळजवळ ओरडलीस. ह्याच वर्षी! मी विचारलं, एवढी घाई कसली, डोंगर काय पळून जाणार आहेत? तू अर्धा भरलेला चहाचा कप उचलून आत गेलीस.

पास कागदाचा की फोनवरचा, ह्या भांडणात तर तू कमाल केलीस. जिला फोन आला की उलटा धरायची सवय ती तू, म्हणे पास फोनवरच घेऊ! मी म्हटलं, अगं कागदाचा घे, हातात धरता येतो. कागदाच्या पासवर सात छोट्या चौकटी असतात, गाडीत चढण्याआधी त्या दिवसाची तारीख पेनाने भरायची, खाडाखोड केली तर पास रद्द. दोन प्रूफवाल्यांसाठी ह्याहून मोठी चैन कुठली? एकही खाडाखोड न करता सात चौकटी भरून दाखवू, असं मी छाती ठोकून म्हणत होते आणि तू आपलं एकच, ‘फोनवर अक्षरं मोठी करता येतात गं.’ मी तुला फितूर म्हणाले. दोन्ही पास कागदाचेच घेतले आणि तुझ्या हातून हरवतील म्हणून माझ्या कपाटात ठेवले. आणि हो, वाचायचं काम. सव्वीस वर्षं वाचणारी तू आणि खुणा करणारी मी. हिवाळ्यापासून तू सगळे कागद माझ्यापुढे सरकवायला लागलीस. ‘तू वाच, तुझा आवाज छान लागतो.’ आणि मी मूर्ख, खूश झाले! घरी जाऊन ह्यांना सांगितलं, एवढ्या वर्षांनी का होईना, मिनिटबाईने माझा आवाज वाखाणला. हे म्हणाले, इतकी वर्षं मीही ऐकतोय, मला कधी छान वाटला नाही. दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नव्हते.

आता त्या शेवटच्या बुधवारकडे येते, आणि इथे मी रागाने नाही, शरमेने लिहितेय. अख्ख्या प्रवासाची वही तू एकटीने करून ठेवली होतीस, मला चकित करायला. एकटीने! नियम कुणाचा आणि मोडला कुणी? मी वही उघडली. अक्षर तुझंच, पण ओळी एकमेकींवर चढलेल्या, तिसऱ्या दिवसाची गाडी दुसऱ्या दिवसाच्या हॉटेलात शिरलेली. आणि पाचव्या दिवशी आपण दहा बावन्नला उतरणार आणि तिथूनच दहा चाळीसची पुढची गाडी पकडणार! तक्त्यातली एक ओळ सोडून तू खालची धरली होतीस. बाकी सगळी शाखा पट्टी धरून वाचायची, तू एकटी पट्टीशिवाय, नजर कधी घसरायची नाही हा तुझा तोरा. मग मी काय केलं? टेबलावर हात आपटून ओरडले, ‘मिनिटबाईची ओळ घसरली!’ तुझ्या सुनेला स्वयंपाकघरातून बोलावून दाखवलं. आमच्या ह्यांना फोन लावून सांगितलं. सून हसली नाही, तेव्हाही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. तू हसलीस. वहीवर हात पालथा ठेवून हसत राहिलीस, आणि तो हात मी जाईपर्यंत उचलला नाहीस.

पाच दिवसांनी गुडघ्यांचा निरोप. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हे म्हणाले, मग तू टूर कंपनीबरोबर जा, पुढे झेंडा धरून माणूस चालतो, हरवायची भीती नाही. म्हणजे झालं! जन्मभर गाड्यांचं वेळापत्रक तपासलेल्या बाईने झेंड्यामागून चालायचं. शुक्रवारी मी तिकीटकचेरीत गेले, जिथून पास घेतले होते तिथे. पास रद्द करायला नव्हे. तुझे गुडघे बरे होईपर्यंत तारखा पुढे सरकवता येतात का, ते विचारायला. काउंटरवर तीच बाई होती, साखळीचा चष्मा, हातात कायम शिक्का. मी नाव सांगायच्या आत तिने मला ओळखलं आणि विचारलं, ‘त्या डोळ्यांच्या सवलतीचं काय ठरलं तुमचं? तुमच्या मैत्रीण डॉक्टरांचं पत्र आणणार होत्या ना?’

मी म्हटलं, कुठले डोळे? कुणाचे डोळे? त्या बाईच्या चेहऱ्यावरून कळलं, बोलू नये ते ती बोलून गेली होती. मग मी तिथून हललेच नाही. मागे रांग वाढत होती, एक गृहस्थ घड्याळ दाखवत होते, मी त्यांना म्हटलं, थांबा हो, माझी गाडी आधी चुकलीय. तिने हळू आवाजात सांगितलं. आदल्या शनिवारी, म्हणजे माझ्या त्या तमाशानंतर तिसऱ्या दिवशी, तू सुनेला घेऊन तिथे गेली होतीस. प्रवाशाला नीट दिसत नसेल तर तिकडच्या गाड्यांत त्याच्याबरोबर एक माणूस त्याच पासवर येऊ शकतो, तसं करता येईल का, हे विचारायला. तिने फॉर्म वाचून दाखवला. बरोबरच्या माणसाच्या नावापुढे ‘मदतनीस’ असं लिहायचं होतं. तू विचारलंस, मदतनिसाने नक्की काय करायचं असतं? ती म्हणाली, हात धरून चढवायचं, उतरवायचं, सगळी जबाबदारी त्याची. तू म्हणालीस, ‘मग राहू दे.’ आणि उठलीस.

‘मग राहू दे!’ तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला त्या काउंटरवर कळलं. जिचं नावही तुला ठाऊक नाही, जिला तू जन्मात तीनदा पाहिलंस, त्या शिक्केवालीला तू तुझे डोळे सांगितलेस, आणि मला गुडघे! शनिवारी मी तुझ्या सुनेला फोन केला. तिच्यावर चिडू नकोस, ती बिचारी आधी गुडघ्यांवरच अडून बसली होती. मी विचारलं, कुठला गुडघा, डावा की उजवा? ती गडबडली आणि मग रडायलाच लागली. हिवाळ्यापासून, मधलं पुसट होत चाललंय, कडेचं दिसतं. समोर माणूस आला तर त्याचे कान आणि केस दिसतात, तोंड दिसत नाही. वाचणं परत येणार नाही असं डॉक्टर म्हणाले. बाकीचं बरीच वर्षं टिकेल, कदाचित कायमचंही. हे तिने सांगितलं आणि मी फोन हातात धरून मोरीपाशी उभी राहिले, नळ सोडून, म्हणजे ह्यांना आवाज जाऊ नये.

आठ महिने, बाई, आठ महिने! दर बुधवारी तुझ्यासमोर बसत होते मी. माझं तोंड तुला दिसत नव्हतं आणि मी तुला नवा चष्मा दाखवून विचारत होते, शोभतो का. तू म्हणालीस, ‘झकास.’ आणि पासपोर्टच्या कचेरीत उतरताना माझ्या खांद्यावर ठेवलेला तो हात, पायऱ्या दिसत नव्हत्या म्हणून होता, तो मी लाड समजले. दुसऱ्यांच्या चुका पकडण्यावर मी घर चालवलं आणि माझ्या नाकासमोर एवढं पानभर चुकलेलं मला दिसलं नाही. ह्याचा राग माझा माझ्यावर आहे, तो मी बघून घेईन. पण तुझ्यावरचा वेगळा. तू परस्पर ठरवून टाकलंस, की मी कंटाळेन. की मी तुझा हात धरायला लाजेन, नाहीतर आयुष्यभर ऐकवत राहीन. ऐकवीन तर मी खरंच, पण तो माझा स्वभाव आहे, त्याचा तुझ्या डोळ्यांशी काय संबंध? मला विचारलंस का एकदा तरी?

तुझी ही खोड जुनीच आहे. आता सुरू केलंच आहे तर एकोणीस वर्षांपूर्वीचंही लिहिते, जे आपण दोघींनी कधी तोंडातून काढलं नाही. त्या छोट्या स्टेशनावर रेघ हवी होती आणि वेळ छापली गेली. एक अख्खं कुटुंब सामानसुमान घेऊन फलाटावर उभं राहिलं आणि गाडी त्यांच्या नाकासमोरून न थांबता निघून गेली. तक्रार वरपर्यंत गेली. तू ‘रेघ’च वाचली होतीस. मला आजही तुझा आवाज ऐकू येतो. माझ्या धाकट्याला ताप होता, माझं लक्ष कचेरीच्या फोनकडे, आणि मी त्या आकड्यावर बरोबरची खूण करून पुढे गेले. साहेबांनी आपल्याला उभं केलं, मी तोंड उघडायच्या आत तू म्हणालीस, ‘वाचताना माझी चूक झाली.’ शाखेची प्रमुख तू होणार होतीस. त्या एका वाक्याने ती खुर्ची गेली, आणि तिच्यात आला तो माणूस, जो आपल्याला पुढची अकरा वर्षं ‘बायांनो’ म्हणून हाक मारत होता. मी गप्प बसले. मला घर होतं, आजारी पोर होतं, कारणं भरपूर होती. पण तेव्हाही तू मला विचारलं नव्हतंस. माझी चूक उचलून आपल्या अंगावर घेतलीस आणि मला आयुष्यभर ओशाळी करून ठेवलंस. आणि आज माझ्यावर ओझं नको म्हणून स्वतःला वगळतेस! तुझ्या मते मला उचलायला काहीच जमत नाही का?

तर आता मी ठरवलंय. ‘तुझं तू ठरव’ म्हणालीस ना? ठरवलं. तुझी वही मी तुझ्या सुनेकडून मागवून घेतली आणि तीन दिवस बसून नव्याने लिहून काढली. दोन गाड्यांमध्ये कमीत कमी पस्तीस मिनिटं ठेवलीत. जिने चढून दुसऱ्या फलाटावर धावायला लागतं अशा दोन जोडगाड्या काढून टाकल्या, त्या तुझ्यासाठी नव्हे, माझ्या धापेसाठी. डोंगर आधी, तळ्याच्या बाजूची खिडकी तुझी. मदतनीस वगैरे मी होणार नाही, तो फॉर्म मी त्या बाईच्या समोर परत सरकवून आले. पास दोन आहेत आणि दोनच राहतील. आणि मला काय येत नाही तेही ऐक. दिशा मला कळत नाहीत, आपल्याच कचेरीतून बाहेर पडताना मी वर्षभर डावीकडे वळायची जागा चुकत होते. फलकावरचा आकडा वाचला की मान वळवेपर्यंत विसरते. तुला एकदा ऐकवलं की तू तो महिन्याने झोपेतून उठून म्हणतेस. मी वाचीन, लक्षात तू ठेव. आकडे मी बघते, डोंगर तू बघ. डोंगराला काही बारीक अक्षरं नसतात. आणि मध्ये दिसत नसेल तर कडेने बघ, तिकडे म्हणे कडेलाच जास्त असतात.

आता हे पत्र का, ते सांगते. फोनवर बोलले असते तर पहिल्या ‘डोळे’ ह्या शब्दाला तू फोन ठेवला असतास. समोर येऊन बोलले असते तर चहाचा कप उचलून आत गेली असतीस. आणि पत्र पोस्टाने पाठवलं असतं तर ते सुनेला वाचायला लागलं असतं, आणि आपल्या दोघींमधलं पान तिसरीने वाचलेलं मला चालत नाही. म्हणून उद्या बुधवार, अकरा वाजता मी नेहमीसारखी येणार, तुझ्या टेबलाशी बसणार, आणि हा कागद काढून पहिल्या शब्दापासून मोठ्याने वाचणार. तू म्हणतेस ना माझा आवाज छान लागतो? मग ऐक. कॉलम संपेपर्यंत बोलायचं नाही, फक्त चूक असेल तिथे ‘थांब’ म्हणायचं. तू मला इथपर्यंत येऊ दिलं असशील, तर सगळं बरोबर आहे. मग खाली सही राहिली. पासवर पहिल्या प्रवासाआधी ज्याची त्याची सही लागते, ती माझी मी केलीय. तुझा पास मी टेबलावर ठेवते, पेन तुझ्या हातात देते आणि सहीच्या जागेच्या डाव्या टोकाला माझं बोट ठेवते. बोटापासून सुरू कर. सव्वीस वर्षं तू खिडकीतून खाली छापखान्यातल्या कुणाशी तरी बोलत, कागदाकडे न बघता सह्या ठोकत आलीस, आताच काय झालं? आणि ‘थांब’ म्हणायचं असेल तर आत्ताच म्हण, मी तोंड वाकडं करणार नाही. पण माझं बोट मी उचलणार नाही.

तुझीच, तुझ्यासमोरच्या खुर्चीतली,
खोडरबर